भिंतीवर काढलेलं जमिनीखालचं पाणी

पोरांनो,

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकटीने मला एक फोटो दाखवला आणि विचारलं, "आजी, ही आपल्या घराची भिंत ना?" आपलीच होती. भिंतीवर गाव रंगवलेलं, गावाखाली जमीन कापून दाखवलेली आणि तिच्यात निळं पाणी. पुढे भूजलाचा अभ्यास करणाऱ्या मॅडम आणि आमचा पेंटर उभे, दोघेही हसताहेत. धाकटीच्या कॉलेजात तो फोटो शिकवायला वापरतात म्हणे. शास्त्रज्ञ आणि कलाकार एकत्र आले की अवघड गोष्ट लोकांपर्यंत कशी पोहोचते, याचा नमुना म्हणून. तिला त्यावर निबंध लिहायचा आहे आणि माझ्याकडून "छान चार ओळी" हव्या आहेत.

माझ्याकडे छान ओळी नाहीत. तो फोटो काढल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच भिंतीवर रक्त उडालं. निबंध लिहिण्याआधी तुम्हाला हे ठाऊक असावं, म्हणून आत्ता लिहायला बसले आहे. क्रमाने लिहिते. त्या दिवसाबद्दल गावात ज्याची त्याची वेगळी गोष्ट आहे, पण मी सगळं माझ्या ओट्यावरून नि गच्चीवरून पाहिलेलं आहे.

आपलं गाव जामखेडच्या पलीकडे, जिल्हा संपत येतो तिथे. इथे पाणी म्हणजे विहीर आणि बोअर. बोअर घ्यायची गाडी गावात आली की काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं नाही. ती गाडी जमिनीत पहार खुपसल्यासारखा रॉड घालते आणि भोकातून वाफाळल्यासारखी पांढरी धूळ उसळते. शेजारच्या रानात बोअर चालू असला तर आमच्या मांडणीवरची ताटं थरथरायची. एकदा दुधाचं पातेलं सरकत सरकत कट्ट्यावरून खाली गेलं. माणसं मात्र त्या धुळीत उभी राहून नाचत असतात, कारण धूळ थांबून चिखल आला की पाणी लागलं.

आमच्या घरामागे दोन सख्ख्या भावांची रानं आहेत. दोघेही माझ्या हाताखालून शिकून गेलेले. थोरल्याकडे वडिलोपार्जित विहीर, आणि त्या विहिरीवर चार गाई नि त्याचा सगळा संसार. विहीर आटली की गाई विकायच्या आणि पोरांना ऊसतोडीला पाठवायचं, हे त्याला दिसत होतं. आणि विहीर आटत होती. दर उन्हाळ्यात थोडी लवकर.

धाकट्याचं उलट. त्यानेही एकदा बोअर घेतला, तेव्हा अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं होतं. "नुसता धुरळा निघाला," असं म्हणून त्याने त्या भोकावर शिळा ठेवली. पुढे काही महिन्यांनी मात्र त्याच्या जुन्या विहिरीला म्हणे आपोआप झरा फुटला. त्या आनंदात त्याने देवीला बोकड कापला आणि गावाला जेवण घातलं. थोरलाही जेवला. जाताना भावाच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुझं नशीब लई जोरात हाय बाबा."

मॅडम पुण्याहून आल्या, त्या आमच्याकडेच उतरायच्या. तिशीतली मुलगी, उन्हाने रापलेली, मला काकू म्हणायची. वर्षभर टेप घेऊन विहिरीविहिरीत डोकावत होती. तिला कळलेलं सत्य अगदी साधं होतं. आपल्या ओढ्याच्या दोन्ही बाजूंना खालचं पाणी एकच आहे, आणि खोल बोअर ते खालून ओढून घेतात म्हणून वरच्या विहिरी कोरड्या पडतात. बोअर घेणं सगळ्यांनीच थांबवलं तर विहिरी तगतील. तिने हे ग्रामसभेत आलेख दाखवून सांगितलं. निम्मे लोक उठून गेले आणि उरलेले झोपले. टँकर आल्याची आरोळी उठली तेव्हा झोपलेलेही पळाले. त्या दिवशी टँकरपाशी दोन जावांनी एकमेकींच्या झिंज्या उपटल्या आणि एकीने दुसरीच्या कपाळात घागर घातली. मॅडमनी माझ्या बाथरूममध्ये तिचं कपाळ धुतलं आणि म्हणाल्या, "काकू, आलेखाने काही होणार नाही. चित्र काढायला हवं."

म्हणून मी जामखेडच्या पेंटरला निरोप धाडला. दुकानाच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, उरुसाचे आणि जत्रेचे बोर्ड, सगळं तोच रंगवायचा. नमाजाची वेळ सांभाळून परांचीवर दिवसभर गुणगुणत बसायचा. चौकाकडची आमची लांब भिंत मी त्या दोघांना दिली.

काम सुरू झालं आणि त्याबरोबर भांडणही. पेंटरने पहिल्याच दिवशी जमीन म्हणून एक आडवी पडलेली गाय काढली आणि तिच्या अंगात भाले घुसवले.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"बोअर हायेत. रगत बी काढू का?"

"जमीन म्हणजे गाय नाही हो! पुसा ते."

"पुसतो. पर मॅडम, तुमची कागदावरची रेघ मेलेली हाय. मेलेल्या रेघंकडं कोन बघत न्हाई."

दोन दिवसांनी त्याने जमिनीखाली वाहती नदी काढली, लाटांसकट. मॅडमनी माझ्या स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं आणि ती ओली नदी भिंतीवरून खरवडून काढली. पेंटरचा चेहरा लाल झाला. त्याने ब्रश चौकात भिरकावला, तो पारावरच्या म्हाताऱ्याच्या धोतराला लागला, आणि मग तो म्हाताराही भांडणात आला. "खाली नदी नसते," मॅडम ओरडत होत्या. "पाणी खडकाच्या फटींमध्ये असतं!" त्यांनी मुरमाचं एक ढेकूळ आणून पेंटरच्या पुढ्यात आपटलं आणि तांब्याने त्यावर पाणी ओतलं. पाणी कुठेच वाहिलं नाही, नुसतं आत गेलं.

पेंटरने ते ढेकूळ उचलून बोटांनी चाचपलं. मग त्याने गोणपाटाचा तुकडा मागितला, तो निळ्या रंगात बुडवला आणि भिंतीवर थापटत गेला. गोणपाटाच्या विणीतून निळ्या ठिपक्यांचा थर उमटला. कुठे दाट, कुठे विरळ, मध्ये काळ्या खडकाच्या रेषा. मॅडम म्हणाल्या, "हेच. अगदी हेच." त्यानंतर ती दोघं भांडत राहिली, पण एका बाजूने.

जे घडलं ते दोघांच्या दोन चांगल्या गोष्टींमुळे घडलं, असं मला वाटतं. मॅडमचा आग्रह होता की विहिरी आणि बोअर खऱ्या मापाने काढायचे, एक फूटही इकडचा तिकडे नको. पेंटरचा आग्रह होता की वर खरी घरं हवीत. "मानूस आपलं दार बघून थांबतंय," तो म्हणायचा. त्याने प्रत्येकाचं दार, लिंब, गाई, धाकट्याची नवी मोटरसायकलसुद्धा काढली. माप मॅडमना सेंटिमीटरमध्ये लिहायचं होतं. पेंटर म्हणाला, "इथं सेंटिमीटर कुनाला कळतोय? वीत लिवा." मग कोपऱ्यात लिहिलं, एक वीत म्हणजे पन्नास फूट. ती ओळ मीच शुद्धलेखन तपासून दिली.

धाकट्याने आपल्या बोअरची खरी खोली मॅडमना सांगितली होती. शिळेखालून पाइप पुरून त्याने ते पाणी स्वतःच्या विहिरीत सोडलं होतं, झरा वगैरे काही नव्हता. "गावात नका सांगू," तो म्हणाला होता. मॅडमनी शब्द दिला की नावं कुठेच येणार नाहीत. भिंतीवर एकही नाव नव्हतं. रेघेवर फक्त घर होतं.

घरं नि रेघा काढायचं काम पडद्याआड झालं होतं. रविवारी सकाळी पडदा काढला. सगळं गाव चौकात. आधी नुसता हशा.

"आरं, ही तर आमची म्हस!"

"म्हस न्हाई, तुझी बायको हाय."

"पेंटर, माझं दार मोडकं कशाला काढलंस?"

"नीट करा, मंग नीट काढतो!"

मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहून डोळे पुसत होत्या. एवढे लोक त्यांच्या खडकाकडे पहिल्यांदाच बघत होते.

मग कुणीतरी वीत लावली. स्वतःच्या बोअरच्या रेघेवर, गंमत म्हणून. ती बरोबर आली. "खरंच की!" मग सगळेच वीत लावू लागले. "तुझी वीत बारकी हाय, सरक!" "आधी हात धू, रंग जाईल!" म्हातारा पारावरून उतरला, त्याचा पंजा सगळ्यांत मोठा. त्याने एकेक रेघ मोजायला घेतली आणि मोठ्याने सांगू लागला. धाकट्याच्या घराखाली आला तेव्हा तो वीत टाकत टाकत खाली वाकला, मग उकिडवा बसला, मग भिंतीच्या पायापर्यंत गेला. तिथे रेघ संपत होती. वर घर, घराशेजारी निळीशार भरलेली विहीर, आणि या रेघेतून त्या विहिरीत गेलेला पाइप.

हसणं थांबलं. चौकाच्या मागून एक बाई म्हणाली, "आन् आमी त्याचा बोकड खाल्ला."

धाकटा म्हणाला, "दादा, ऐक. सांगनारच हुतो."

थोरल्याने काही ऐकलं नाही. परांचीचा एक बांबू भिंतीला टेकून होता, तो त्याने ओढला आणि भावाच्या डोक्यात घातला. लाकूड फुटल्यासारखा आवाज आला. धाकटा भिंतीवर आदळला आणि घसरत खाली बसला. त्याचा कान फाटून लोंबत होता आणि निळ्या ठिपक्यांवर रक्ताचा पट्टा ओढला गेला होता. थोरल्याने पुन्हा हाणला. खांद्यावर, पाठीवर, डोकं झाकायला आलेल्या हातांवर. "माझ्या पोरांच्या तोंडचं पानी! माझ्या!" प्रत्येक शब्दाला एक फटका. धाकट्याची बायको नवऱ्याच्या अंगावर पडली आणि तिच्याही पाठीत बांबू बसला.

मी शाळेत वापरायचे तो आवाज लावला. माझ्याकडे शिकलेल्यांची नावं घेऊन हाका मारल्या. इतकी वर्षं तो आवाज गावात चालला होता. त्या दिवशी एकानेही मान वळवली नाही.

तेवढ्यात धाकट्याची दोन्ही पोरं ट्रॅक्टर घेऊन आली. ती थांबली नाहीत. गर्दीत ट्रॅक्टर घातला, लोक किंचाळत बाजूला उड्या मारत होते, पुढचं चाक पाराच्या दगडावर चढलं तेव्हा तो बंद पडला. खाली उतरून एकाने चुलत्याच्या पोटात लाथा घातल्या. दुसरा पेंटरकडे वळला.

"हा काढनारा! धरा ह्याला!"

"मी रंगारी हाय रं! मला जे सांगितलं ते काढलं!"

कुणीतरी त्याच्या धर्मावरून शिवी दिली. ज्याने दिली त्याच्या दुकानाची पाटी याच पेंटरने रंगवलेली होती. त्यांनी पेंटरचा उजवा हात भिंतीवर दाबून धरला, आणि त्या पोराने दगडाने तो ठेचला. एकदा आणि पुन्हा एकदा. पेंटर ओरडला नाही. तो "अम्मी" म्हणाला, एवढंच मला ऐकू आलं.

मॅडम त्याच्याकडे धावल्या. धाकट्याच्या बायकोने मध्येच त्यांचे केस धरले. "माझ्या चुलीम्होरं बसून च्या पिलात! शबुद दिला हुता!" मॅडमचं कपाळ तिने भिंतीवर आपटलं. मॅडमनी हात वर केला नाही, सोडवूनही घेतलं नाही. मी आणि शेजारीण मिळून त्यांना ओढत आत आणलं आणि कडी लावली. बाहेरून दारावर दगड आदळत होते. मॅडम स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून एकच वाक्य म्हणत राहिल्या, "मी नाव घातलं नव्हतं, काकू."

दुपारी जमाव धाकट्याच्या रानात गेला. आमच्या गच्चीवरून दिसत होतं. त्यांनी शिळा उलथली, मोटरचा दोर कोयत्याने तोडला आणि मोटर खाली सोडून दिली. मग दगड टाकायला लागले. दगड पाइपाला आपटत आपटत खाली जायचा आणि तो आवाज आमच्या घराच्या जोत्यापर्यंत यायचा. बायाही ओच्यात दगड भरभरून आणत होत्या. "हान! आजून हान!" ज्यांचे स्वतःचे बोअर त्याच भिंतीवर होते, तेच सगळ्यांत पुढे होते. मेलेला साप ठेचावा तसा त्यांनी तो बोअर ठेचला. पोलिसांची जीप आली तेव्हा भोक तोंडापर्यंत भरलेलं होतं.

धाकटा दवाखान्यात वाचला, कानाविना. थोरला जामिनावर सुटून आला आणि घरी न जाता आधी विहिरीवर गेला. त्याला खात्री होती की आता पाणी चढलं असेल. विहिरीत चिखल होता. दुसऱ्या दिवशी तो कमी झाला. तो रोज दोराने खाली उतरायचा, हाताने चिखल उपसायचा, वर येऊन काठावर बसायचा. बायको भाकरी घेऊन गेली की तिच्यावर ढेकूळ भिरकावायचा. पाणी आलं नाही.

मॅडम परत आल्या. कपाळावर टाके, हातात टेप. मी नको म्हणत होते. त्या थोरल्याला घेऊन भिंतीपाशी आल्या आणि बोट ठेवून दाखवायला लागल्या. हा भरलेला बोअर एकच. हे बाकीचे सगळे चालू आहेत. पाणी सगळेच ओढताहेत, म्हणून एक बुजवून विहीर भरत नाही.

"हे आधी का न्हाई सांगितलं?"

"हेच तर काढलंय दादा. सगळं चित्र हेच सांगतंय. तुम्ही अर्धंच वाचलंत."

थोरल्याने भिंतीवरच्या एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "मॅडम, अर्धं वाचलं की भाऊ मारावा वाटंल, असलं काढलंच कशाला?"

तो घरी गेला, इंजिनातलं जळकं ऑईल बादलीत घेऊन आला आणि भरदुपारी सगळ्यांदेखत भिंतीवर फेकलं. बादली रिकामी झाल्यावर हाताने फासलं. घरं, दारं, लिंब, गाई, धाकट्याची मोटरसायकल. फासताना तो स्वतःलाही शिव्या देत होता. मी त्याला अडवलं नाही. त्या उन्हाळ्यात त्याच्या गाई बाजारात गेल्या आणि दसऱ्यानंतर त्याची पोरं कोयते घेऊन कारखान्याच्या ट्रकमध्ये चढली.

मॅडम अजून फोन करतात. म्हणतात, "पुन्हा काढायचं झालं तर मी घरं काढू देणार नाही." पेंटरच्या दोन बोटांना वाकता येत नाही. तो मध्यंतरी येऊन गेला, तेव्हा मी त्याला हे सांगितलं.

"घरं न्हाईत तर बघंल कोन, बाई?"

"आणि बघितल्यावर झालं ते?"

"ते बी खरं हाय." त्याने चहाची बशी डाव्या हाताने उचलली. "मॅडमला सांगा, माझी रेघ आता सरळ येत न्हाई. आता दोगांच्या बी रेघा मेल्या म्हनावं."

आणि तो हसला. मला हसू आलं नाही.

त्या मारामारीला आता काही वर्षं झाली, पण त्यानंतर गावात कुणी नवा बोअर घेतलेला नाही. मॅडमचं पटलं म्हणून नाही. गाडी आली की आपलं घरही कुणीतरी भिंतीवर काढेल आणि मग बांबू निघतील, अशी भीती बसली आहे. धाकटी, तुझ्या निबंधात हे कुठे बसतं ते तू ठरव. मला सांगता येत नाही की ते चित्र यशस्वी झालं, आणि फसलं असंही म्हणता येत नाही.

दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. पोरं ऊसतोडीहून परत आली आहेत. थोरल्याच्या विहिरीत पाणी आहे. या वर्षी ते होळीनंतरही टिकलं, आणि त्याच्या दावणीला एक गाय आहे.